दाराशीच थांबलेली दंडार

माझे बाबा दंडारीत बाईचं सोंग घेतात. दंडार म्हणजे दिवाळीनंतर आमच्या कळंबकडच्या खेड्यांत चौकात रंगणारा नाच, गाणी आणि सोंगांचा खेळ. त्यात बाया नसतात, पुरुषच लुगडी नेसतात. शाळेत मुली मला चिडवायच्या, "हिच्या घरी दोन आया." एकदा मराठीच्या सरांनी ते ऐकलं. त्यांनी भर वर्गात मला उभं केलं आणि म्हणाले, "हिचे वडील कलावंत आहेत. लाज वाटायचीच असेल तर चिडवणाऱ्यांना वाटू द्या."

घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कुणी पाहिलं नव्हतं. मी बी.ए. झाले ती सरांमुळे. निकालाचे पेढे घेऊन आधी त्यांच्याकडे गेले, मग कळंबच्या चिंतामणी गणपतीला.

यंदा सरांचा फोन आला. ते आता यवतमाळला असतात. जिल्ह्याच्या रंगभूमीचा वारसा साजरा करायचा होता आणि सर समितीत होते. "तुझ्या बाबांच्या दंडारीशिवाय हे होणे नाही. मोठ्या नाट्यगृहात, अख्खा खेळ," ते म्हणाले. नोंद राहावी म्हणून तालमीचे व्हिडिओ पाठव, असंही म्हणाले. मी सगळे पाठवले.

बाबांना एकच चिंता. चौकात चहूकडून माणसं असतात, नाचणारा गोल फिरत सगळ्यांना तोंड दाखवतो. नाट्यगृहात माणसं एकाच बाजूला. "मंग मागच्याईले काय दाखवू?" ते विचारायचे. दिवसा कापूस वेचून संध्याकाळी सगळे गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून तालीम करायचे. सवयीनं बाबा गर्रकन फिरले की ढोलकीवाले काका ओरडायचे, "बुढ्या, म्हशीसाठी नाचून राह्यला का?"

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृहाशेजारच्या शाळेत एक खोली मिळाली. बाबांना लुगडं मीच नेसवलं. आमच्या दंडारीत लुगडं नेसलं की खेळ संपेपर्यंत त्या माणसाला 'बाई'च म्हणायचं, तोही बाईसारखंच बोलतो. मी त्यांच्या अंबाड्यात गजरा खोचत होते तेवढ्यात सर आले. मी पाया पडले.

"थोडा बदल आहे," सर म्हणाले. "पाहुणे येतील तेव्हा दाराशी तुम्ही वाजवा, नाचा. आत मंचावर कॉलेजच्या मुली करतील. तुमचाच खेळ आहे, व्हिडिओ पाहून बसवलाय."

बाबा पदर सावरत म्हणाले, "काहून जी गुरुजी, मोठ्या मानानं बोलावलं अन् बाईले दारातच उभी ठेवता का? आतमंधी सवत आणून बसवली वाटते!"

सगळे हसले. सरही हसले, पण माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "पाहुणे सहकुटुंब आहेत. पुरुषानं लुगडं नेसून नाचायचं, ते आजकाल बरं दिसत नाही. तू शिकलेली आहेस, तू समजावून सांग त्यांना."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. वर्गातलं ते वाक्य याच तोंडून आलं होतं. आता कुणी सांगितलं म्हणून सर असं म्हणत होते, की त्यांना आधीपासूनच असं वाटत होतं, मला अजून कळलेलं नाही.

समजावायची वेळ आली नाही. बाबांनी सारं ऐकलं होतं. "चला वं बायांनो," म्हणत ते घुंगरं वाजवत दाराकडे निघाले. पाहुण्यांच्या गाड्या आल्या, दंडार वाजली. बाबा गोल फिरून नाचले, कारण तिथे सगळीकडून माणसं होती. लोकांनी मोबाइल वर धरले आणि आत गेले. मग दार लागलं.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. आतून आमचीच गाणी ऐकू येत होती, टेपवरच्या संगीतावर. बाबा कान देऊन ऐकत होते. "पोरी सुरात हायेत," ते म्हणाले. ढोलकीवाल्या काकांनी तोंड फिरवलं.

मग माइकवर सरांचा आवाज आला. हा ठेवा आपल्यापर्यंत पोहोचवणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीचा सत्कार, असं म्हणून त्यांनी माझं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर सर म्हणाले, "काही अडचणीमुळे त्या आज येऊ शकल्या नाहीत."

"अवं, तुयंच नाव घेतलं ना?" बाबा म्हणाले. "जाय ना."

"मी आलीच नाही म्हणून राह्यले ते."

"मंग जाऊन सांग, आली म्हणून. भेव लागते का त्यायचं?"

भीती होती, पण त्यांची नव्हती. आत जाऊन चारचौघांत त्यांना विचारावं, एवढा राग मला आला होता. पण समोर गेले असते तर विचारायच्या आधी माझे हात त्यांच्या पायांकडे गेले असते.

मी बाबांशेजारी तिथेच बसून राहिले.