आयर्वेनने भाजलेल्या टर्क्या

आयर्वेनच्या छातीतली घरघर दिवसभर माझ्या कानांतून जात नाहीये. दुपारी ती स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती आणि बोलताना तिच्या तोंडातून वाफ येत होती. ख्रिसमस नुकताच झालाय, आणि या दरीतल्या घराघरांत गरम जेवण पोचवणारी बाई स्वतः गारठून बसलीय.

आयर्वेन प्रॉसर आमच्या शाळेची स्वयंपाकीण. मी तिच्या हातचं जेवले, माझी मुलगीही जेवली. निवृत्त झाल्यावर ती गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या फूड बँकेची व्हॅन चालवायला लागली. चॅपलमागच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमागच्या खोलीत आम्ही खाण्याच्या पिशव्या भरतो, ती घरोघर पोचवते. दारात गेली की ती इतर चौकशा करत नाही. शेगडी चालू आहे, नुसती किटली, की काहीच नाही, एवढंच विचारते. उत्तरावर पिशवी ठरते. इथे मीटरमध्ये आधी पैसे भरावे लागतात, संपले की वीज गेली. हल्ली थंडच खाता येईल अशा पिशव्या जास्त लागतात.

यंदा एका बड्या दुकानानं गोठवलेल्या टर्क्या, ख्रिसमसला अख्खे भाजतात ते मोठाले पक्षी, पाठवल्या, सोबत फोटोवालाही. आमच्या समितीचे अध्यक्ष हॉवेलसाहेब कडेवर बाळ घ्यावं तशी टर्की धरून हसत उभे. ज्यांच्याकडे कपभर पाणी तापत नाही त्यांनी हे धूड कशावर भाजायचं, असं आयर्वेननं विचारलं. देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, साहेब म्हणाले.

"मग तुमचा फोटोच वाटते," ती म्हणाली. "तो शिजवावा तरी लागत नाही."

आम्ही हसलो. ती हसली नाही. तिनं टर्क्या घरी नेल्या, बर्फ सुटावा म्हणून बाथटबमध्ये पाणी भरून त्यात सोडल्या, ओव्हन रात्रंदिवस पेटता ठेवला. मांस कापून, बटाट्यांसकट गुंडाळून घरोघर गरमागरम दिलं. शेवटच्या दारावरून परतली तर तिचंच घर अंधारात. मीटर रिकामा झाला होता, आणि पेन्शन यायला अजून अवकाश आहे.

मी मीटर भरते म्हटलं, ती ऐकेना. माझ्याकडे राहायला चल म्हटलं, तर तिनं कोटाची कॉलर वर ओढली.

"पोरी, तू मला पिशवी द्यायला आलीयस काय?"

"तसं नाही गं मावशी."

"मग तोंड पाडून बसू नकोस. आणि लौरीला कळवलंस तर व्हॅनच्या किल्ल्या तुझ्या. मी परत चॅपलकडे फिरकणार नाही."

लौरी तिची मुलगी, कार्डिफला असते. दर रविवारी फोन करते, आणि आई सांगते, मजेत आहे, शेकत बसलेय.

हॉवेलसाहेबांच्या कानावर घातलं, तर म्हणे तिचा स्वाभिमान जपायला हवा. दुकानाला नाही म्हणायची भीड वाटली, आयर्वेनला थंडीत सोडायची नाही वाटली. उद्या तिला न्यूमोनिया झाला तर हेच हॉस्पिटलात फुलं घेऊन जातील, फोटोवाल्यासकट. संताप संताप होतो. आम्ही सगळे तिच्या हातचं खाल्लेले, आणि सगळे तिच्या मर्जीचा मान राखत लांब उभे.

माझी मुलगी पलीकडच्या खोलीत झोपलीय. मी अशी कुडकुडत बसले आणि ओळखीच्या कुणी तिला कळवलंच नाही, तर ती त्या माणसाचं तोंड बघणार नाही. आणि बरोबरच करेल.

आयर्वेन माझ्याशी बोलणं टाकेल. कदाचित व्हॅनही सोडेल. सोडू दे. लौरीचा नंबर काढलाय. झोपली असेल तर उठवते.