रंगूबाईंच्या देवीचा शेंदूर

खाडीकडच्या गावाबाहेर, उंबराखाली, रंगूबाईंची देवी आहे. सासूने जाताना सुनेच्या हाती घराच्या चाव्या दिल्या नाहीत, देवीची तेलाची वाटी दिली. तेव्हापासून चाळीस वर्षं रंगूबाई दर मंगळवारी तिला तेल-शेंदूर लावत आल्या. थर एवढा चढला की देवी चांगली बाळसेदार दिसायला लागली. नवरा सिताराम म्हणायचा, "माज्या पाठीला तरी एकदा तेल लाव."

"आदी तिच्यासारका गप बस, मंग लावते."

यंदा तिथली शेतं घरांच्या योजनेत गेली. बांधकाम कंपनीचा केतन सांगून गेला, "मावशी, टेन्शन नको. गेटजवळ फरशीचं देऊळ बांधून देतो. सोमवारी दगड हलवू."

"दगड कुनाला म्हनतोस?"

तेव्हापासून रंगूबाई दिवसभर उंबराखालीच बसून राहायला लागल्या. देवीने स्वतः निवडलेली जागा सोडायला लावून तिला वॉचमनशेजारी बसवायची?

शुक्रवारी केतनबरोबर ऋता आली. बांधकामाआधी जागेत काही पुरातन आहे का, ते तपासून अहवाल लिहायचा हे तिचं काम. देवीपुढे उकिडवी बसून ती म्हणाली, "काकू, आत जुनं कोरीव काम असेल तर दगड इथेच ठेवा असं मी लिहीन. पण शेंदूर काढून बघावं लागेल."

"तो मानसानं काडायचा नसतो. देवी आपलं आपन कवच सोडते."

"कधी?"

"माज्या लग्नाआदी, सासूच्या येलंला सोडलं व्हतं."

"अहवाल उद्या द्यायचाय, काकू."

मग रंगूबाईंनी कौल लावला. देवीला दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. अर्धा तास गेला. तेलकट शेंदरात फुलं घट्ट बसली होती. केतन घड्याळ बघायला लागला. शेवटी रंगूबाई अगदी जवळ गेल्या, हात जोडले आणि "आई गं माजे!" म्हणत पोटातून उसासा सोडला. उजवं फूल पडलं.

"फुकलीस तू," मागे उभा असलेला सिताराम म्हणाला.

"दम लागला मना."

ऋताने कोमट तेल चोळलं, लाकडी पट्टी हलक्या हाताने फिरवली आणि थर सुटला. वर सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरं, आणि खाली एक गाढव आणि एक बाई अशा अवस्थेत, की रंगूबाईंनी पदर डोळ्यांवर घेतला.

"गधेगाळ!" ऋता आनंदाने ओरडली. "जुन्या राजांच्या काळातला दानाचा दगड. दान दिलेली ही जमीन जो बळकावेल, त्याच्या आईला..." आणि ती लाल झाली.

"पुरे, समजलं." रंगूबाईंनी पदर खाली घेतला आणि केतनकडे वळून मायेने विचारलं, "तुजी आय बरी हाय ना, बाला?"

अहवाल तसा गेला आणि योजनेतला रस्ता उंबराला वळसा घालून आखला गेला. फक्त ऋताने बजावलं, "आता शेंदूर लावायचा नाही."

"तेल?"

"नाही."

"हार?"

"हार चालेल."

त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी रंगूबाई झेंडूचा हार करतात. चांगला लांब, थेट गाढव झाकेपर्यंत.