दुसरी किटली

नातवाने गाडीच्या पॉवर स्टिअरिंग पंपाची पुली काढायला घेतली. गंज सुटावा म्हणून त्याने ओतलेल्या रॉकेलचा वास आला आणि मी मानवतच्या सासरच्या अंगणात पोचले, लग्नाच्या पहिल्या वर्षात.

सासूबाईंसमोर नवरा-बायकोने बोलायचं नसे. पण त्या दिवशी ह्यांच्या लॉरीची पुली अडकली होती.

"उकळतं पाणी आन. पुलीवर हळू वत," हे म्हणाले.

मी किटली ओतली. वाफेत त्यांचा तेलकट हात माझ्या हाताला लागला.

"आनखी एक आन. लय जाम हाय."

मी वैतागून पुन्हा चुलीपाशी गेले.

सुटत आलेली पुली कशी डुगडुगते, ते आज नातवाजवळ बसून पाहिलं. दुसरी किटली मागताना ह्यांच्या हाताखाली ती अशीच डुगडुगत होती.