मधोमध यायला हवा होता तो आवाज

ही हकीकत सांगायची मी साठ वर्षं टाळली. विसरलो होतो म्हणून नव्हे, तर तिच्यात माझी बाजू चांगली नाही म्हणून. बायकोलाही अर्धीच सांगितली होती... आणि तीही जिथे मी शहाणा ठरतो तेवढी.

आधी स्वतःबद्दल. मी रेडिओ मेकॅनिक. उज्जैनला फ्रीगंजात, टावर चौकापासून चार दुकानं सोडून माझं दुकान होतं. भूतखेत, संचार, चाहूल वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि या एका प्रसंगापलीकडे आजही नाही. आवाज म्हणजे हवेचं हलणं. हवा जिथून हलते तिथून आवाज येतो, आणि नको तिथून आला तर कुठेतरी वायर चुकलेली असते. या एका हिशेबावर मी चाळीस वर्षं संसार चालवला आणि तो हिशेब एकदाच चुकला.

गेल्या महिन्यात एका लग्नात नानांची पणती भेटली. मी ओळख सांगितली तर पोरगी सहज म्हणाली, "पणजोबा शेवटी भ्रमिष्ट झाले होते ना? दाराशी बोलायचे म्हणे." तिची काही चूक नाही. घरात जे सांगितलं गेलं तेच ती बोलली. पण ते घरात शिरलं माझ्यामुळे, म्हणून आता लिहायला बसलो आहे.

नाना म्हणजे ग्वाल्हेर दरबारच्या महसूल खात्यातले जुने कारकून. संस्थान गेलं, मध्य भारत आला, मग तोही जाऊन मध्य प्रदेश झाला. नाना म्हणायचे, "खुर्ची तीच राहिली श्रीधरपंत, सरकारंच तेवढी खालून बदलत गेली." माझं वय तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर, पण ते मला थट्टेनं पंत म्हणायचे. राजधानी भोपाळला गेली तसे त्यांचे थोरले चिरंजीव वसंतराव सचिवालयाबरोबर तिकडे गेले. नाना निवृत्त होऊन फ्रीगंजातल्या घरात राहिले. पत्नी, म्हणजे माई, दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. स्वयंपाकाला एक बाई येत असे, बाकी घरात ते एकटेच. त्या दिवसांत तिकडे महाराष्ट्र राज्य व्हायची बोलणी चालली होती आणि आम्ही उज्जैनचे मराठी लोक त्या बातम्या शेजारच्या घरी लग्न असल्यासारख्या वाचत होतो.

धाकटा मुलगा विलायतेत इंजिनिअरिंगला होता. तो सुट्टीवर येताना बोटीनं स्टीरिओ संच घेऊन आला. अँप्लिफायर, रेकॉर्ड लावायचं यंत्र आणि कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर. पंधरा दिवसांत तो परत गेला आणि जोडणी माझ्यावर आली. उज्जैनमध्ये स्टीरिओ कुणी पाहिलासुद्धा नव्हता. मी इंग्रजी मासिकांतून वाचला होता आणि तेवढ्यावर मला पुरेशी घमेंड होती.

तंत्र दोन ओळींत सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. दोन्ही पेट्यांतून, म्हणजे स्पीकरांतून, एकच आवाज सारख्या जोरानं आला आणि तुम्ही दोघींच्या बरोबर समोर मधे बसलात, की तो पेट्यांतून येतोय असं वाटतच नाही. मधल्या रिकाम्या जागेतून येतो. जुन्या पद्धतीची साधी रेकॉर्ड लावली तर गाणं, तबला, हार्मोनियम सगळं त्या एकाच बिंदूतून यायला हवं. कारण रेकॉर्डवर ते सगळं एकत्रच कोरलेलं असतं. त्यातलं गाणं एकीकडे आणि तबला दुसरीकडे करता येत नाही. साखर विरघळलेल्या दुधातून साखर वेगळी वाढता येत नाही, तसंच.

नानांची बैठकीची खोली अठरा फूट बाय बारा, खाली फरशी. रस्त्याकडच्या दारासमोरच्या भिंतीशी दोन्ही स्पीकर ठेवले. डाव्या लांब भिंतीत माजघराचं दार, त्याला हिरवा पडदा. नानांनी एका बाईंच्या भजनांची साधी रेकॉर्ड काढली. सकाळचे दहा वाजले असतील. मी मधल्या खुर्चीवर बसलो.

तबला मधोमध होता. हार्मोनियमही मधोमध. आणि गाणं डावीकडून, माजघराच्या दारातून येत होतं.

मी हसलो. म्हटलं, थोडी खटपट दिसते. नानांना म्हणालो की अर्ध्या तासात जागेवर आणतो. नाना दाराकडे बघत राहिले.

अर्धा तास कसला, मी सलग आठ दिवस जात होतो. टॉर्चच्या सेलनं दोन्ही स्पीकर तपासले. आतला कागदी शंकू दोन्हीकडे एकाच वेळी पुढे येत होता, म्हणजे जोडणी उलटी नव्हती. डावी-उजवी वायर अदलाबदल केली. दोष यंत्रात असता तर गाणं उजवीकडे उडी मारून गेलं असतं. गेलं नाही. पेट्याच अदलाबदल केल्या, तरी नाही. मग वाटलं, आवाज भिंतीवर आपटून परत येत असेल, म्हणून पडद्यावर दोन गोधड्या टांगल्या. गाणं गोधड्यांमागून यायला लागलं. शेवटी चिडून मी माजघराचं दार लावून घेतलं... आणि गाणं दाराआडून यावं तसं दबलं. तबला मात्र होता तसाच स्वच्छ.

हे शक्य नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणी या धंद्यातलं असेल तर त्याला कळेल की हे का शक्य नाही. मी डाव्या स्पीकरची वायरच काढून टाकली. तबला उजव्या पेटीत गेला, जायलाच हवा होता. गाणं दारातच राहिलं.

आणखी एक. मधला आवाज हा कानांचा खेळ असतो, तुम्ही सरकलात की तोही सरकतो. हा सरकत नव्हता. मी उठून दाराजवळ जाऊ लागलो की तो जवळ येई, माणूस जवळ यावा तसा. उंचीही ठराविक होती. उभ्या माणसाच्या तोंडाएवढी नाही, बसलेल्याच्या. पडदा बाजूला करून आत गेलो तर आत पत्र्याचे डबे आणि एक पाट, एवढंच. आणि आतून ऐकलं तर गाणं बाहेरून, पेट्यांकडून येतंय.

नवव्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना नाना म्हणाले, "श्रीधरपंत, पुरे आता. तुमचं शास्त्र दमलं असेल."

मी म्हटलं, नाही नाना, सुई बदलून बघू या.

"ती तिथेच बसायची," नाना म्हणाले.

मग सावकाश सांगितलं. दर गुरुवारी या खोलीत गाण्याची बैठक व्हायची. पुरुष बाहेर, बायका माजघरात, हा घरचा रिवाज. माई दाराआड पाटावर बसून ऐकायच्या. लग्नाआधी ग्वाल्हेरला त्या चार वर्षं गाणं शिकल्या होत्या, उस्तादही त्यांना नावाजत. बैठकीत गाणारा अडखळला की पडद्यामागून हलकेच पुढची ओळ यायची. लोक हसायचे, वा वहिनी म्हणायचे.

"पंचवीस वर्षं बैठका केल्या मी," नाना म्हणाले. "एकदाही म्हटलं नाही, ये, बाहेर येऊन बैस. गा."

मी चहा संपवला. एक सांगतो, त्या माणसाच्या बोलण्यात वेडाचा मागमूस नव्हता. रोज सकाळी ते रेकॉर्ड लावायचे, दाराच्या उंबऱ्याशी एक कप चहा ठेवायचे आणि वर्तमानपत्र वाचत बसायचे. मला म्हणाले, मी काही ती आली असं म्हणत नाही, मला एवढंच ठाऊक आहे की आता ऐकायची पाळी माझी आहे.

तो चहाचा कप स्वयंपाकाच्या बाईंनी पाहिला आणि ही बातमी भोपाळला पोचली. पुढच्या रविवारी वसंतराव आले. माणूस वाईट नव्हता. वडलांच्या काळजीनंच आला होता. भोपाळला मोठा क्वार्टर मिळालाय, एकटं राहून हे असं व्हायला लागलं आहे, आता चला, असं त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले की मी या घरातून हलणार नाही, आणि माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते श्रीधरला विचार. त्यानं नऊ दिवस तपासलं आहे.

वसंतरावांनी मला दुकानातून बोलावून घेतलं. रेकॉर्ड लावली. त्यांना काही वेगळं जाणवलं नाही. म्हणाले, मला तर नुसतं भजन ऐकू येतंय, डावं-उजवं मला काय कळतं. मग माझ्याकडे वळले.

"श्रीधर, तू कारागीर माणूस. तू म्हणालास की आवाज दारातून येतोय, तर मी आजच्या गाडीनं परत जातो. नानांना परत कधी चला म्हणणार नाही. बोल, कुठून येतोय?"

गाणं चालू होतं आणि ते दारातून येत होतं. माझ्या डाव्या हाताला, सहा फुटांवरून, या कागदाइतकं स्पष्ट. नाना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, इतका त्यांना माझा भरवसा होता.

खरं बोललो असतो तर काय झालं असतं? वसंतरावांनी इंदूरहून दुसरा मेकॅनिक आणला असता. चौकात गोष्ट फुटली असती, की श्रीधरला विलायती मशीन जमलं नाही, आता सांगतो वहिनी गातात. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. आणि आम्हा कारागिरांची एक सवय असते. दोष सापडला नाही की तो गिऱ्हाइकाच्या कानात ढकलायचा. रोज दुकानात दहा वेळा वापरलेलं वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं.

"मशीन एकदम सही है, साहेब. आवाज मधूनच येतोय. या वयात कानाला वहम होतो."

वर मी हसलोही.

नानांनी उठून सुई उचलली, झाकण लावलं आणि "ठीक आहे" एवढंच म्हणाले. मला नाही, वसंतरावांनाही नाही, दाराकडे बघून म्हणाले. दहा दिवसांत ते भोपाळला गेले.

संच खोक्यात भरून पाठवायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. रिकाम्या घरात मी एकटा. भरायच्या आधी तीच रेकॉर्ड लावली, त्याच जागी बसलो. गाणं मधोमध. खिळा ठोकल्यासारखं, सगळ्या मासिकांत लिहिलं होतं तसं. मी खुर्ची सरकवली, वायरी उलट्या केल्या, एक पेटी बंद केली. यंत्र प्रत्येक वेळी शास्त्राप्रमाणे वागलं. दुपारभर मी उलटी खटपट केली, की गाणं एकदा तरी दारात जावं. गेलं नाही. माझ्या जोडणीत आधीही चूक नव्हती आणि नंतरही नव्हती, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. मग त्या नऊ दिवसांत काय होतं? साठ वर्षं विचार केला, इंजिनिअरांना नावं न घेता विचारून पाहिलं. उत्तर मिळालेलं नाही.

वर्षभरानं सुटे भाग आणायला भोपाळला गेलो तेव्हा त्यांच्याकडे गेलो. गाडीत बसून सांगायचं वाक्य पाठ केलं होतं. नाना व्हरांड्यात होते, खूप वाळले होते. संच कोपऱ्यात, अजून खोक्यातच. त्यांनी दुकानाची चौकशी केली, क्षिप्रेला पाणी किती आहे विचारलं. वसंतराव शेजारीच बसले होते. सून चहा घेऊन आली. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पावसापाण्याचं बोललो.

निघताना नाना फाटकापर्यंत आले. म्हणाले, "इथे सगळं मधूनच येतं, श्रीधरपंत. तुमच्या म्हणण्याप्रमाणे."

टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. चेहरा शांत होता. त्या घटकेला आम्ही दोघंच होतो, वसंतराव आत गेले होते. एवढं सोपं करून दिलं होतं त्यांनी. मी "येतो नाना" म्हणून वाकून नमस्कार केला आणि टांग्यात बसलो.

चार महिन्यांनी वसंतराव अस्थी घेऊन उज्जैनला आले. रामघाटावर मी पायरीवर उभा होतो. गुरुजींनी त्यांच्याकडून सगळं करवून घेतलं. वसंतराव ओल्या धोतरानं वर आले, मला मिठी मारली आणि म्हणाले की शेवटी शेवटी नाना फार भ्रमिष्टासारखं करत होते, बरं झालं मी वेळेवर घेऊन गेलो, तू खरं सांगितलंस म्हणून. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. त्यांनाही सांगितलं नाही. आता तेही नाहीत.

उरले फक्त हे दोन-चार शब्द. गाडीत पाठ केले होते ते, जसेच्या तसे:

नाना, तुमच्या कानात काही दोष नव्हता. नऊच्या नऊ दिवस मलाही ऐकू येत होतं, वसंतरावांनी विचारलं तेव्हासुद्धा. मी घाबरलो आणि खोटं बोललो. मला माफ करा.