नूरीचे जड नाल

दादामियाँना नवरदेवांचा मनापासून तिटकारा होता. आयुष्यभर त्यांनाच घोडीवर बसवून पोट भरलं, तरीही. "पोतं बसवलं तर निदान ते गप्प तरी बसतं," असं ते स्वारगेटमागच्या आपल्या तबेल्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. बँडवाले बेसूर, डीजेवाले बहिरे, जनावरांचे डॉक्टर कुत्र्यामांजरांना सुया टोचून गब्बर झालेले, आणि शहरातले बाकीचे घोडीवाले त्यांच्या लेखी निव्वळ भंगार. सगळ्या पुण्यात त्यांना मान्य होती ती एकटी नूरी, त्यांची पांढरी घोडी.

नूरी नाचायची. मागच्या पायांवर सगळा भार घेऊन ताशाच्या ठेक्यावर डांबरी रस्त्यावर अशी टाप टाकायची, की माणसं हातातली कामं सोडून गॅलरीत यायची. आपली घोडी दिसण्याआधी ऐकू येते, हा दादामियाँचा मोठा अभिमान. नाल ते स्वतःच ठोकत. पुढे ताशे गेले, भिंतीएवढे स्पीकर आले. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. दादामियाँनी नूरीच्या मागच्या पायांना जाड नाल ठोकले. डीजे वाढला की नालही वाढे. खुरांची टोकंही ते लांब ठेवू लागले, कारण लांब खूर जास्त वाजतो असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांच्या मताला विरोध करायला त्यांनी कुणाला जवळ उभंच केलं नव्हतं.

एका वरातीत नूरी नाचून थांबली ती उजवा मागचा पाय उचलूनच. त्या पायाचा मधला सांधा, जिथून पाय मागे दुमडतो तो, टम्म सुजला होता. दुसऱ्या दिवशी ती नाल काढायलाही पाय धरू देईना. मोठ्या कष्टाने तो काढून दादामियाँनी सळई तापवायला घेतली. सांध्याला डाग दिला की दुखणं पळतं, हे त्यांच्या बापानेही केलेलं.

त्यांची बायको सकीना दारात येऊन उभी राहिली. तुसडेपणात दादामियाँना भारी पडेल असं माणूस घरातच होतं.

"तुमचे गुडघे किती वर्षं दुखतायत? आधी त्यांना लावा. गुण आला तर मग घोडीला."

सळई खाली ठेवली गेली. सकीनाने डॉक्टर बोलावली. ती शेफाली, वाघोलीच्या संभाजीरावांची मुलगी. बापाने प्लॉट विकून डॉक्टर केलेल्या पोरी, असं म्हणून दादामियाँनी तोंड फिरवलं. शेफालीने नूरीचा पाय वर दुमडून थोडा वेळ धरला, मग सोडून तिला चार पावलं पळवलं. घोडी सपशेल लंगडली.

"डॉक्टरीणबाई, पाय धरून फोटो काढायचा असेल तर उजेडात या," दादामियाँ म्हणाले.

शेफालीने काढलेला नाल उचलून हातात तोलला. "चाचा, हा नाल आहे की फाटकाचा अडसर? लांब खूर, वर हे वजन, त्यात मागच्या पायांवर नाच. सगळा ताण या सांध्यावर. खूर कापा, हलका नाल ठोका. सांध्यावर थंड पाणी सोडा. रोज मऊ मातीत हळूहळू चालवा. नुसती बांधून ठेवलीत तर सांधा आखडेल."

"आणि वरातीत टाप कोण वाजवणार? तुम्ही?"

"पुन्हा नाचवलीत, तर उद्या तिला चालताही येणार नाही."

नूरी गेली तर शहरात तिरस्कार करायला सगळे उरणार होते, जीव लावायला कुणी नाही. ते फार घाबरले, आणि घाबरले म्हणून सकीनावर खेकसले.

मऊ माती निघाली ती संभाजीरावांच्याच रानात. "एक तुकडा राह्यलाय बिनविकलेला. बिल्डर यायच्या आत चालवून घ्या," ते म्हणाले. दादामियाँनी त्यांच्या गळ्यातली साखळी पाहिली. ती लगामाहून जाड होती. नूरीला टेम्पोने तिथेच नेऊन ठेवलं. रोज सकाळी बसने जाऊन ते तिला धरून त्या मातीतून चालत, बिल्डरला, डॉक्टरला आणि स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत. बांधावर चहा पिता पिता संभाजीराव म्हणत, "कोण कुणाला चालवतंय, कायबी कळंना."

सूज हळूहळू उतरली. पुढच्या लग्नसराईत कात्रजच्या सर्जेरावांच्या धाकट्याची वरात आली. थोरल्याच्या लग्नात नूरीच नाचली होती. दादामियाँनी आधीच बजावलं की आता घोडी फक्त चालेल. पायात पातळ नाल, कापलेले खूर. डीजेच्या दणक्यात वरात निघाली तेव्हा त्यांना आपली नूरी मुकी झाल्यासारखी वाटत होती. लगाम धरून चालतानाही त्यांना टाप ऐकू येत नव्हती, आणि लाजेने त्यांनी मान वर केली नाही.

नवरदेव उतरल्यावर सर्जेरावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "वा, दादामियाँ! नाचली नाही, पण टाप काय तुमच्या घोडीची! थोरल्याच्या लग्नात होती तश्शीच, खणखणीत!"

दादामियाँनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. सर्जेराव थट्टा करत नव्हते. त्यांनी आज काही ऐकलं नव्हतं, तसं थोरल्याच्या लग्नातही नव्हतं. त्या स्पीकरांपुढे ते सगळं लोखंड कुणालाच ऐकू गेलं नव्हतं. नूरी मात्र ते पावलोपावली उचलत राहिली होती.

तबेल्यात आल्यावर ते बादली घेऊन मुकाट्याने नूरीच्या सांध्यावर पाणी सोडू लागले.

"काय म्हणाले लोक?" सकीनाने विचारलं.

"गाढव आहे."

"कोण? सर्जेराव?"

"नाही," दादामियाँ मान वर न करता म्हणाले, "पाणी घालतोय तो."