उंबऱ्यावरच्या हिरव्या लोंब्या

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दरीतून प्रेतं वर काढली. त्या फायली बंद झाल्या तशा मीही त्या विसरलो. ही फाइल मात्र एका साध्या अर्जापासून सुरू झाली. एका बाईने आपल्या वरिष्ठाविरुद्ध केलेला, कार्यालयाची पोच घेतलेला अर्ज. संबंधितांची नावं देत नाही. नावांनी काही फरकही पडत नाही.

त्या वेळी मी जव्हार-मोखाडा पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भादवा सरत आला होता. त्या दिवसांत तिथे सकाळी दहापर्यंत धुकं हटत नाही, ठाण्याच्या आवारातला झेंड्याचा खांबही दिसत नाही. एका गुरुवारी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात आमचे हवालदार समोर येऊन उभे राहिले. ते त्याच डोंगरातले, वीस वर्षं खात्यात. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"साहेब, खबर हाय. हितं बोलू का बाहेर?"

"ठाण्यात खबर द्यायची नाही तर काय बाजारात द्यायची? बोला."

मोखाड्याच्या बाजारात एका जीपवाल्याने त्यांना सांगितलं होतं. सूर्यमाळच्या वाटेवर एका खासगी संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथली स्वयंपाकीण भुताळी आहे, ती मुलींवर करणी करते, असा बोभाटा झाला होता. सोमवारी आसपासचे पाडे जमणार होते, भगत सुपात दाणे टाकून पाहणार होता. दाण्यांत तिचं नाव निघालं, की पुढे काय ते सांगायची गरज नव्हती. मागे एका म्हातारीचं असंच नाव निघालं होतं. तिच्या घराचे वासे तेवढे उरले.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

हवालदारांनी दाराकडे एकदा पाहून घेतलं. गुंडाच्या कोयत्यापुढे न हललेला हा माणूस, पण त्याची पाचावर धारण बसली होती.

आम्ही वसतिगृहावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. पत्र्याच्या लांब इमारतीत साठ मुलींची सोय होती, पण आवाज एकही नव्हता. बहुतेक पालक मुलींना घेऊन गेले होते. उरलेल्या दहा-बारा जणी व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून एका ओळीत बसल्या होत्या आणि सगळ्या एकाच दिशेला, विहिरीकडे बघत होत्या. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तरी एकीनेही मान वळवली नाही.

"काय बघता गं?" मी विचारलं.

"मावशी उभी हाय," एक हळूच म्हणाली.

मावशी म्हणजे तीच स्वयंपाकीण. ती तर माझ्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे पाहिलं. धुक्यात विहिरीच्या कठड्यापाशी मलाही कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं, डोक्यावरून पदर घेतलेलं. मी चालत तिथे गेलो. पाण्याचा रहाट होता, कठडा होता, दुसरं काही नव्हतं. परत आलो आणि सरळ स्वयंपाकिणीला पुढे बोलावलं. केस डायरीत असल्या गोष्टींना रकाना नसतो.

बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, किडकिडीत. सातवीपर्यंत शिकलेली. मी चौकशी सुरू करताच तिने कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. संस्थेच्या अध्यक्षांना दिलेला अर्ज, प्रत पंचायत समितीला, दोन्हीकडचे शिक्के. अक्षर तिचंच होतं, मोठं आणि सरळ.

अर्ज वसतिगृहाच्या अधीक्षकाविरुद्ध होता. बारा वर्षं ती पहाटे चारला चूल पेटवत होती, आणि शेवटची तीन वर्षं अधीक्षकाच्या घरची धुणीभांडीही तिच्याच गळ्यात होती. नाही म्हटलं की हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ पडायची. तो तिला नावाने हाक मारत नसे, टाळी वाजवून बोलवायचा. शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. बाप वारल्याचा निरोप आला तेव्हा अधीक्षकाने तिला 'आधी जेवणं वाढ, मग जा' असं सांगितलं. ती पोचली तेव्हा चिता विझत आली होती.

"अर्ज दिला, अन् आठ दिवसांनी पोरींच्या खोलीच्या उंबऱ्यावर ते निघालं," ती म्हणाली.

ते म्हणजे काय, तर भाताच्या लोंब्यांचं रिंगण, आत राख, वर शेंदूर आणि मधोमध बाईच्या केसांचा गुंता. केस तिच्याच फणीतले होते, ती फणी स्वयंपाकघराच्या खिडकीत असायची. दोन आठवड्यांत तीनदा असं निघालं. दुसऱ्या वेळेनंतर प्रार्थनेला एक मुलगी थरथरत खाली पडली. दुसऱ्या दिवशी चार पडल्या. मग रोज पडायला लागल्या, आणि शुद्धीवर आल्या की सगळ्या एकच सांगायच्या, मावशी विहिरीपाशी उभी आहे.

"सर बोलतात, अर्ज मागं घे, मी लोकांना समजावतो," बाई म्हणाली. "घेऊ का साहेब मागं? सोमवारी मला मारतील नायतं गावातून काढतील. पन मी लिवलेलं खोटं नाय."

मी म्हणालो, "मागे घेऊ नका." बोलून तर गेलो, पण हातात पुरावा म्हणून काहीही नव्हतं, आणि मधे फक्त तीन दिवस होते.

अधीक्षक घाटावरचा, विज्ञानाचा पदवीधर. मी न मागताच त्याने सगळी रजिस्टरं टेबलावर मांडली. एवढी तत्परता दाखवणारा माणूस मला कधीच आवडला नाही. निर्दोष माणूस पोलिसाला पाहून आधी गोंधळतो, किल्ल्या शोधतो, पाणी सांडतो. त्याने संस्थेला पाठवलेला अहवालही दाखवला, 'सदर महिला कर्मचारी अघोरी प्रकार करीत असल्याची पालकवर्गात चर्चा आहे.'

"मी कुठे असलं मानतो साहेब? पण अडाणी लोकांना कोण समजावणार?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात आलं. पण मनात येणं आणि कोर्टात टिकणं यात फार अंतर आहे. तीन तास विचारपूस केली, माणूस कुठेच अडकला नाही. फक्त एक गोष्ट मी टिपली. त्याने आपली खाट खिडकीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणली होती, आणि विहिरीकडची ती खिडकी आतून खिळे मारून बंद केली होती.

शनिवारी मी भगताकडे गेलो. हवालदारांना ते मुळीच पटलं नव्हतं. सोमवारी जो दाणे पाहणार, त्यालाच आधी गाठायचं म्हणजे वाघाला शेळीचा पत्ता विचारण्यासारखं, असं त्यांचं म्हणणं. मला त्याला दम द्यायचा होता, कायद्याचं कलम सांगायचं होतं. म्हातारा ओट्यावर बांबू चिरत बसला होता. मी कलम सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि बांबू चिरत राहिला. मग अधीक्षकाच्या अहवालाला जोडलेले उंबऱ्याचे फोटो, जे मी मोबाइलमध्ये घेतले होते, ते त्याच्यापुढे धरले.

त्याचा कोयता थांबला. मोबाइल त्याने डोळ्यांजवळ नेला.

"ही लोंबी कवाची?"

"पहिली अडीच आठवड्यांपूर्वीची. शेवटची मंगळवारची."

"हिरवीच हाय. दाणा भरला नाय पुरता." तो हवालदारांकडे वळला. "काय रं, तू तं आमचाच ना? तुला दिसलं नाय?"

हवालदारांनी जीभ चावली. मला काहीच कळेना. मग म्हाताऱ्याने मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं.

"साहेब, आमचं नवं झालं नाय अजून. नवं भात आधी गावदेवीला, मग वाडवडलांना, मग आमच्या तोंडात. तोवर लोंबीला कोनी हात लावत नाय. अन् तोडून उंबऱ्यावर, पायाखाली? आमचा मानूस दारू पिऊन खून करंल, पन हे नाय करायचा."

"पण भुताळी करत असेल ना?" मी मुद्दाम विचारलं.

तो हसला. दात दोनच होते. "भुताळी काय आभाळातून पडते? ती पन ह्याच डोंगरातली. तिला पन गावदेवीचं भ्या असतं. ज्यानं हे केलं त्याला कशाचंच भ्या नाय. तो बाहेरचा."

वीस वर्षं खात्यात काढलेल्या हवालदारांना ते दिसलं नव्हतं, कारण भीतीपोटी त्यांनी त्या फोटोंकडे नीट पाहिलंच नव्हतं. आणि मला दिसणं शक्यच नव्हतं, माझ्या लेखी भात म्हणजे भात.

आता एकच प्रश्न उरला, लोंब्या आल्या कुठून? बाईची जमीन उताराची, तिच्यात भात नव्हतंच, नुसती नागली आणि वरई. मग काखेत कळसा निघाला. अधीक्षकाच्या खोलीमागे संस्थेचा एक तुकडा होता, तिथे त्याने हौसेने लवकर येणारं हळवं भात लावून घेतलं होतं. रविवारी दोन पंच घेऊन आम्ही तिथे गेलो. कुंपणालगत भाताची ताटं उभी होती, पण त्यांना लोंब्यांचे शेंडे नव्हते. ते कात्रीने कापलेले होते, विळ्याने नव्हेत. खोलीची झडती घेतली. पेटीत कात्री, कागदात शेंदूर आणि पाकिटात बाईच्या केसांचा आणखी एक गुंता, पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेला. पंचनाम्यावर पंचांनी सही केली, पण त्या पाकिटाला हात लावायला दोघांपैकी एकही तयार होईना.

मी कात्री अधीक्षकापुढे टेबलावर ठेवली आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत कधी कधी गप्प बसणं हीच सर्वांत मोठी मारहाण असते.

कात्रीकडे बघत तो म्हणाला, "मला फक्त तिने अर्ज मागे घ्यायला हवा होता."

"आणि मुली पडल्या त्या?"

त्याने कात्री दूर सारली. "ते मी नाही केलं. देवाशपथ नाही केलं. उंबऱ्यावरचं खोटं होतं हे मला माहीत होतं, पण पोरी खरोखर पडत होत्या साहेब. रोज विहिरीकडे बोट दाखवायच्या. मग मलाही..." त्याने खिळे मारलेल्या खिडकीकडे पाहिलं आणि बोलणं सोडून दिलं.

मला त्याची दया आली नाही. पण तो खोटं बोलत नव्हता, हे मला कळलं. भीती लोकांत मोकळी सोडणं हातात असतं, तिला परत बोलावणं नसतं.

सोमवारी पाडे जमले. भगताने सूप उपडं ठेवलं आणि सगळ्यांसमोर लोंब्यांची गोष्ट सांगितली. माझ्या पंचनाम्यापेक्षा त्याच्या चार वाक्यांना वजन होतं, हे मी निमूट मान्य केलं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला, अधीक्षकाला अटक झाली. बाईचा मूळ अर्ज मी दोषारोपपत्राला जोडला. पुढे संस्थेच्या चौकशीत तिची सगळी कलमं खरी ठरली. मुलीही हळूहळू परत आल्या. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि मी फुशारलो.

तीन-चार महिन्यांनी कोर्टाचं समन्स बजावायला मी स्वतः वसतिगृहावर गेलो. शिपायाला पाठवता आलं असतं, पण मला बाईला भेटायचं होतं, खरं तर माझं कौतुक ऐकायचं होतं. ती स्वयंपाकघरात नव्हती. संस्थेने 'पालकांच्या भावनेचा विचार करून' तिला अंगणाच्या कामावर टाकलं होतं. मुली तिच्याशी बोलत होत्या, हसतही होत्या, पण तिच्या हातचं कुणी खात नव्हतं.

"त्याला तुमी पकडला साहेब," ती म्हणाली. "पन लोकांच्या पोटात जे गेलंय ते कसं पकडणार?" आणि लगेच तिचा चेहरा उजळला. "बसा. चा करते."

तिने तीन दगडांवर चहा ठेवला. कप दोनदा धुतला, पदराने पुसला आणि माझ्यापुढे केला. आजूबाजूला कुणी नव्हतं. कोवळं ऊन पडलं होतं. ती निर्दोष आहे हे त्या साऱ्या डोंगरात माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं, मीच तर ते सिद्ध केलं होतं. आणि तरी माझा हात कपाकडे जाईना. मी पिशवीतून समन्स काढलं.

"नको बाई, आत्ताच घेऊन आलोय," मी म्हणालो.

ते खोटं होतं, आणि तिला ते कळलं. तिने कप मागे घेतला, जमिनीवर ओतला नाही, स्वतःच पिऊ लागली. सावकाश, माझ्याकडे बघत, शेवटच्या घोटापर्यंत. मग समन्सवर सही केली, तेच मोठं सरळ अक्षर.

"आता जावा साहेब," ती म्हणाली. "भिऊ नका."

निवृत्तीनंतर व्याख्यानांत लोक विचारतात, या नोकरीने काय शिकवलं. मी पुराव्याबद्दल बोलतो, खबऱ्यांबद्दल बोलतो, टाळ्या मिळतात. त्या बाईने मला जे शिकवलं ते सांगायची हिंमत आजवर झाली नव्हती. तिच्या अर्जात आणखी एक कलम वाढायला हवं होतं, आणि ते माझ्याविरुद्ध.