बियर चाखताना पाचावर धारण

आमच्याकडं बियर आंबायला दोन-तीन आठवडे लागतात, किस्से मात्र रोज फसफसतात! वारूळवाडीजवळ आमचा छोटासा बियरचा कारखाना. मी लॅबमध्ये. सुमित बियर बनवतो, थोरातभाऊ बाटल्या भरायचं मशीन सांभाळतात. प्रत्येक बॅच आम्ही तिघं चाखतो आणि पास-नापास ठरवतो. ऐकायला मजेचं वाटतं ना? या एकदा! भीतीनं घोट घशाखाली उतरत नाही.

*

हॉप्स म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीवरची फुलं. वास असा, की कपड्यांना चिकटतो. खोडदला घरी मी फक्त "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगितलेलं. एकदा दारातच सासूबाईंनी माझी ओढणी हुंगली. मी चटकन दोन पावलं मागं सरले.

"काय गं, कसला वास ह्यो?"

"टेस्टिंगचा, आई."

"लई भारी हाय! देवघरात लावायला दोन काड्या आण की!"

*

हॉप्स जास्त पडले की कधीकधी बियर बाटलीतच पुन्हा आंबते आणि गॅस वाढतो. हे आम्हाला जरा उशिरा कळलं. स्टोअरमध्ये एक बाटली फुटली. मग दुसरी. मग धडाधड! काचा दारावर येऊन आदळत होत्या. थोरातभाऊ केव्हाच टेबलाखाली.

सुमित घाम पुसत म्हणाला, "भाऊ, त्यातली एक आणता का? चाखून बघू."

टेबलाखालून आवाज आला, "आणतो की. आदी माझ्या बायकोला फोन लावून द्या!"

*

सुमितची भीती वेगळी. बॅच नापास झाली तर अख्खी टाकी गटारात. म्हणून आम्ही चाखताना तो पाठ करून उभा राहतो, आमची तोंडं त्याला बघवत नाहीत. एकदा त्यानं हॉप्स असे काही ओतले, की पहिल्याच घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी!

"पास का?" त्यानं भिंतीकडं बघतच विचारलं.

थोरातभाऊ कसेबसे म्हणाले, "राव, पोटात जंत असतील तर पास!"

*

हा शेवटचा किस्सा मात्र मी अजूनही खिडकी लावूनच सांगते.

पुण्याहून एक परीक्षक आले होते. भरदुपार, उकाडा, म्हणून खिडकी उघडी. बाहेर लागूनच ऊस. पाहुण्यांनी ग्लास हुंगला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आंबेमोहोर शिजल्यासारखा वास येतोय. हा दोष आहे."

सुमित पांढराफटक. त्यानं दुसऱ्या बॅचचा ग्लास दिला. तोच वास! मी साधं पाणी पुढं केलं.

"यालाही येतोय की!" पाहुणे हसले.

मी खिडकीकडं वळले. बिबट्या मुतून हद्दीची खूण करून जातो तेव्हा असाच भातासारखा वास मागं राहतो. आमचं वासरू नेलं, त्या सकाळी गोठ्यात हाच वास होता.

"सर, खिडकीपासून मागं या. हळू. वास बियरला नाही."

"मग कशाला?"

खिडकीखाली लाकडावर करवत चालवावी तसा आवाज झाला.

थोरातभाऊंनी खिडकी ओढून घेतली. सुमितनं टेबल दाराला लावलं. मी वनखात्याला फोन लावला. त्यांची गाडी येईपर्यंत आम्ही चौघं भिंतीला चिकटून बसलो. पाहुणे तेवढे ग्लासामागून ग्लास रिकामे करत होते.

बाहेर हॉर्न वाजला. सुमितनं धीर करून विचारलं, "सर, कडवटपणा कसा वाटला?"

पाहुण्यांनी हातातल्या रिकाम्या ग्लासाकडं पाहिलं.

"बियर होती ही?"